मुलांना इनलाइन स्केटिंग: पुण्यात कुठे, कसं, आणि पडायचं कसं?

मीठभाकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आता गरज पडली म्हणून धागा काढतेय. लेक साडेसहा वर्षांची. सप्टेंबर २०२५ मधे आनंदकुमार वेलकुमारने चीनमधे स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १००० मीटरचं गोल्ड मारलं ना, त्याचा व्हिडिओ तिला बाबाने दाखवला (स्वतःला सायकल धड येत नाही, पण दाखवायला काय जातंय) आणि तेव्हापासून घरात स्केट स्केट स्केट. शेवटी भाऊबीजेला मामा घेऊन आला. गुलाबी, चाकांत लाइट लागतात, आणि मापाला दोन बोटं मोठे. का तर "वाढत्या अंगाचे घेतले ताई, दोन वर्षं बघायला नको." पॅड-हेल्मेट काही नाही, ते मामाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यात आमच्याच सोसायटीत बी विंगमधल्या आठ वर्षांच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत स्केटिंग करताना मनगट मोडून घेतलं, प्लास्टर अजून आहे. सासूबाईंनी स्केट माळ्यावर टाकायला सांगितलेत. मी अजून टाकले नाहीयेत, पलंगाखाली आहेत. तर, साडेसहा हे वय बरोबर आहे का, क्लास लावू की घरी शिकवता येतं, पॅड खरंच सगळे लागतात का, आणि कर्वेनगर-वारजे-कोथरूड भागात सपाट जागा कुठे आहे? सोसायटीच्या पार्किंगमधे "चाकाच्या कोणत्याही वस्तूने खेळू नये" अशी पाटी आहे, म्हणजे तान्ह्या बाळाची गाडीसुद्धा बसते त्यात.

नारायणपेठी
सपाट जागा? पुण्यात? ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन असतो, तेवढा एक दिवस मिळेल बघा. हलकेच घ्या.

चाकोरीबाहेर
मीठभाकर, स्केट माळ्यावर टाकू नका पण चाकं फिरवायचीही घाई करू नका. मी शाळेत असताना क्वाडवर (दोन चाकं पुढे, दोन मागे) होतो, नंतर इनलाइन (सगळी चाकं एका रांगेत), आता रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा पोरांना शिकवतो, फी एक कटिंग चहा. त्यामुळे जे डोळ्यासमोर बघितलंय तेवढंच लिहितो.

वय बरोबर आहे. पाच-सहाच्या पुढे पोरांना "गुडघे वाकव" म्हटलं की वाकवता येतात, त्याआधी नुसतं बाहुलीसारखं ढकलत न्यावं लागतं. पण पहिल्या दिवशी मी स्केट घालूच देत नाही. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाला रिस्ट गार्ड, सगळं चढवायचं आणि पायात साधे बूट. मग घरातली गादी खाली टाकायची आणि पडायचं. हो, पडायचा सराव. पोरांना यासारखी मजा कशात येत नाही, आधीच सांगतो, खालच्या मजल्यावर कल्पना देऊन ठेवा.

पडायचं कसं तर पुढे. तोल गेला की आधी खाली बसायचं, उकिडवं बसतो तसं, म्हणजे जमीन जवळ येते. मग आधी गुडघे टेकवायचे, मग कोपर, शेवटी तळहात, आणि बोटं वर उचललेली. रिस्ट गार्डच्या तळव्यावर जी कडक प्लास्टिकची पट्टी असते ना, ती घसरण्यासाठीच असते, हात जमिनीत रुतून न राहता पुढे सरकतो. मी पोरांना सांगतो मांजर व्हा. मागे पडणं सगळ्यात वाईट, माकडहाड शेकतं आणि डोकं आपटतं, आणि माणूस मागे पडतो कधी, तर ताठ उभा राहिला की. "आई बघ!" म्हणून दोन्ही हात वर केले की पोर ताठ होतं, चाकं पुढे निघून जातात आणि आपण मागे राहतो. हे दर रविवारी एकदा तरी होतं.

यावरून आठवलं, हांगझोऊ एशियाडमधे (२०२३) मुलांच्या ३००० मीटर रिलेत कोरियाच्या शेवटच्या स्केटरने रेषेच्या आधीच हात वर केले आणि तैवानवाल्याने मागून पाय लांब करून चाक आधी पुढे घातलं, ०.०१ सेकंदाने कोरियाचं गोल्ड गेलं. त्याच रेसमधे आपल्याला ब्रॉंझ होतं. माझ्या पोरांना तो व्हिडिओ तोंडपाठ आहे, कोणी हात वर केले की बाकीचे "कोरिया! कोरिया!" ओरडतात.

मग उठायचं कसं. दोन्ही गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे घेऊन स्केट जमिनीवर सपाट ठेवायचा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर दाबून उठायचं. आपण बगलेत हात घालून उचलायचं नाही! मुलं त्या हातांच्या भरवशावर राहतात आणि त्यांचा तोल तुमच्याकडे येतो. एवढं जमलं की मगच स्केट, तेही आधी हिरवळीवर किंवा गादीवर, फेंगडं चालत. आपण एरवी "फेंगडा चालू नकोस" म्हणून ओरडतो ना, इथे टाचा जवळ आणि पंजे बाहेर, तसंच चालायचं.

ब्रेकचं उद्या लिहितो, अंगठा दुखायला लागला.

हाडांचा_हिशेब
चाकोरीबाहेर यांना +१. मी हाडांचा डॉक्टर आहे त्यामुळे माझ्याकडे फक्त पडलेली मुलं येतात, न पडलेली दिसतच नाहीत, हे लक्षात घेऊन वाचा.

स्केटिंगमधली सगळ्यात कॉमन दुखापत मनगटाची. कारण सोपं आहे, पडताना माणूस हात पुढे टाकतोच, तो विचार करून टाकत नाही. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवर एक अभ्यास आला होता, त्यात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीची शक्यता साधारण दहा पट निघाली, आणि कोपराचे पॅड न घालणाऱ्यांनाही कोपराच्या बाबतीत जवळपास तेवढीच. गंमत अशी की पालक गुडघ्याचे पॅड हमखास घेतात कारण खरचटलेलं दिसतं, आणि रिस्ट गार्ड सोडून देतात कारण "हाताला गरम होतं म्हणतो". गुडघा खरचटला तर डेटॉल आहे. मनगटाला प्लास्टर आहे.

बी विंगच्या मुलाचं म्हणाल तर घाबरू नका, या वयात हाड भरून येतं. पण मुलांच्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते, हाड तिथून वाढतं, तिथे मार असेल तर नीट लक्ष ठेवावं लागतं. म्हणून एक विनंती, पडल्यावर मनगट दुखत असेल तर चोळू नका, तेल लावून ओढू नका, हाडवैद्याकडे "बसवून" आणू नका. सूज नाही म्हणजे फ्रॅक्चर नाही असं नसतं, बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही असंही नसतं. जाड पुठ्ठ्याची पट्टी लावा, हात गळ्यात अडकवा आणि एक्स-रे काढा. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबून दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिथलं एक छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढावा लागतो. आणि डोक्याला लागून उलटी झाली, मूल पेंगायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर या धाग्यावर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

नारायणपेठी
"पुठ्ठ्याची पट्टी" हे छान सांगितलंत डॉक्टर. आमच्या लहानपणी बाम, हळद आणि वर एक धपाटा एवढंच उपलब्ध होतं.

वाकडेतिकडे
मीठभाकर, मामाचे स्केट परत करता आले तर करा. स्केटमधे वाढत्या अंगाचं चालत नाही, तो शाळेचा युनिफॉर्म नाहीये. बूट ढिला असला की घोटा आत पडतो, दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि पोर चाकांच्या आतल्या कडेवर चालायला लागतं, मग आपण म्हणतो हिला जमत नाही. तिला जमतंय, बुटाला जमत नाहीये.

माप असं घ्या, संध्याकाळी (पाय थोडा फुगलेला असतो), मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून उभं करायचं आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमधे मोजायचं. दुकानात बूट नंबर सांगू नका, सेंटीमीटर सांगा, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो. घातल्यावर ताठ उभं राहिलं तर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. टाच आतल्या आत उचलली जात असेल तर मोठा आहे, विषय संपला. मुलांचे चांगले स्केट ॲडजस्टेबल असतात, बटण दाबून तीन-चार नंबरपर्यंत वाढतात, तेवढं "वाढतं अंग" पुरे.

चाकं लहान मुलांना ६४ ते ७६ मिमी बास. मोठी चाकं म्हणजे वेग जास्त आणि उंचीही जास्त. कडकपणा चाकावरच लिहिलेला असतो, ८२ए वगैरे, आकडा कमी म्हणजे चाक मऊ, खडबडीत कोब्यावर मऊ बरं. दुकानदार "ॲबेक ७ बेअरिंग आहे सर, ॲबेक ९ आहे" करून पाचशे जास्त लावेल, दुर्लक्ष करा, तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय त्याचा आहे, साडेसहा वर्षांच्या मुलीला त्याने काडीचा फरक पडत नाही. ते पाचशे हेल्मेटमधे घाला. हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलंय का बघा, ते युरोपचं स्टँडर्ड सायकल आणि स्केट दोन्हीसाठी आहे. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट. मागे सरकवून केसांचा कोंबडा दाखवत घातलेलं हेल्मेट म्हणजे टोपी.

अवांतर: महिन्याभराने चाकं बघा, आतल्या बाजूने जास्त झिजलेली असतील. ॲलन कीने पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं अशी अदलाबदल करायची आणि झिजलेली बाजू बाहेर आणायची. हे काम मला बायकोने रविवारच्या कामांच्या यादीतून अधिकृत सुटका म्हणून मान्य केलंय.

सोनचाफा
क्लासबद्दल लिहू का? नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना लावला होता. चाळीस मुलं आणि दोन सर. पहिल्याच आठवड्यात ब्रेक काढून टाकायला सांगितले, "रेसिंगमधे ब्रेक नसतो मॅडम". बरं, थांबायचं कसं ते शिकवलं का, तर मुलं गोल फिरून दमली की आपोआप थांबतात किंवा जाळीला जाऊन धडकतात. दोन महिन्यांत सांगायला लागले की गाड्यांखालून जायचा विक्रम करायचाय, मुलाला पूर्ण पाय फाकता आले पाहिजेत, आणि सर मागून खांदे दाबतायत आणि मुलगा रडतोय हे मी स्वतः बघितलं. वरून विक्रमाच्या टीशर्टचे आणि सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. त्यानंतर पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर प्रॅक्टिस, सर स्कूटरवर पुढे आणि ही पिल्लं मागे रांगेत, बाजूने डंपर. त्या दिवशी घरी घेऊन आले ते आलेच. मुलगा वर्षभर स्केटकडे बघत नव्हता.

सगळे क्लास असे नसतात हे मान्य. आता जिथे जातो तिथे मॅडमनी पहिल्या दिवशी मलाच विचारलं की रिस्ट गार्ड कुठे आहेत, नसतील तर आज बाकावर बसेल. मला तिथेच पटलं.

चाकोरीबाहेर
सोनचाफा, हे वाचून डोकं फिरलं. गाड्यांखालून जाणं हा सर्कशीचा भाग झाला. एखादं मूल मुळात लवचिक असतं, त्याची गोष्ट वेगळी, पण खांदे दाबून पाय फाकवणं म्हणजे मांडीचा स्नायू फाडायचा धंदा.

आता ब्रेक. थोडा इतिहास, कारण मला आवडतो. सतराशे साठच्या दशकात लंडनला जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक बेल्जियन कारागीर होता, त्याने चाकांचे बूट बनवले आणि एका मोठ्या पार्टीत ते घालून, वर व्हायोलिन वाजवत एंट्री मारली. थांबायचं कसं हे ठरवलंच नव्हतं. तसाच जाऊन भल्यामोठ्या आरशावर आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन फुटलं, हाही चांगलाच जखमी. अडीचशे वर्षं झाली तरी पोरं नेमकं हेच करतात, फक्त आरशाच्या जागी जोशीकाकांची आय-ट्वेंटी असते.

इनलाइनला ब्रेक बहुतेक उजव्या पायाच्या टाचेला असतो. नवशिक्यांनी तो काढू नये, असं माझं ठाम मत. लावायचा कसा तर घसरत असताना ब्रेकवाला पाय अर्धा हात पुढे सरकवायचा, मागचा गुडघा वाकवायचा, खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं आणि पुढच्या पायाचा पंजा वर उचलायचा, टाच आपोआप दाबली जाते. पोरं पंजा उचलतात पण बसत नाहीत, मग ब्रेक नुसता चरचरतो आणि वेग तेवढाच राहतो. म्हणून आधी जागेवर उभं राहून, भिंत धरून वीस वेळा. लहान पोरांचं वजन कमी असतं त्यामुळे काहींना हा ब्रेक लवकर जमत नाही, त्यांना आधी पाय फाकवून टाचा बाहेर ढकलून थांबायला शिकवा, वेग कमी असेल तर मस्त थांबतात. एक पाय मागे आडवा घासत थांबायचं, ज्याला टी-स्टॉप म्हणतात, ते नंतर, कारण त्याला एका पायावर तोल लागतो. एका पायाच्या तोलासाठी मी काय करतो सांगू? लंगडी. स्केटशिवाय, साधी आपली लंगडी. जी पोरं लंगडी चांगली घालतात ती पंधरा दिवसांत पुढे जातात, लिहून ठेवा. ब्रेकसाठी स्टॅच्यू. मी "स्टॅच्यू!" ओरडलो की सगळ्यांनी थांबायचं, शेवटी थांबेल त्याने माझी पाण्याची बाटली भरून आणायची.

आणि क्वाड की इनलाइन हे विचारणार कोणीतरी, तर आधीच सांगतो. क्वाडवर नुसतं उभं राहायला सोपं, पण आपल्या रस्त्यावरचा एक खडा आला की तिथेच नांगर पडतो. इनलाइनला उभं राहायला आठवडा जास्त लागतो पण भेगा, खडे जरा माफ होतात. पेव्हर ब्लॉक मात्र दोघांनाही वर्ज्य, दात खुळखुळतात.

आजोबा_ऑनलाइन
मी आमच्या सोसायटीचा माजी सेक्रेटरी, म्हणजे तुमच्या त्या पाटीसारख्या पाट्या लावणारा. आमची बाजूही ऐका. पार्किंगमधे गाडी रिव्हर्स घेताना साडेतीन फुटांचं मूल, त्यात खाली वाकलेलं, आरशात दिसत नाही हो. मी स्वतः एकदा कचकचून ब्रेक मारलाय, हात दहा मिनिटं थरथरत होते. त्या संध्याकाळी पाटी लावली.

पण नंतर नातू आला स्केट घेऊन, मग काय, स्वतःच्याच पाटीविरुद्ध अर्ज. मीटिंगमधे असं ठरलं की रविवारी सात ते साडेआठ क्लब हाऊससमोरच्या मोकळ्या कोब्यावर, दोन्ही टोकांना वॉचमनने खुर्च्या आडव्या लावायच्या, एक पालक हजर पाहिजे, आणि हेल्मेट नाही तर प्रवेश नाही. बेसमेंटचा रॅम्प पूर्ण बंद, कारण पोरांना उतार दिसला की त्यांचं भान सुटतं. तुम्ही लेखी अर्ज द्या, तोंडी मागितलं तर समिती तोंडीच नाही म्हणते. आणि जागा आधी झाडून घ्या, एक बोगनवेलीचं वाळकं फूल पुरतं.

मीठभाकर
सगळ्यांचे खूप खूप आभार, पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय, अपडेट द्यायचा राहिला होता.

मामाचे स्केट परत होत नाहीत, मुदत संपली. पायाचं माप १८.५ सेंटीमीटर निघालं आणि ते स्केट सगळ्यात लहान केले तरी कितीतरी मोठे, त्यामुळे दुसरे घेतले, बिनलाइटचे, निळे. रुसवा एक दिवस. मग गादीवरचं पडणं सुरू झालं आणि रुसवा गेला, आता पाहुणे आले की त्यांना पडून दाखवते. सासूबाई पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं बोटं वर उचल, धाग्यावर सांगितलंय ना." (धागा मी त्यांना वाचून दाखवला होता.)

अर्ज दिला, लेखी. शनिवार-रविवार सकाळी एक तास मिळाला, पाटीखाली दुसरी पाटी लागली "वरील सूचना शनि-रवि ७ ते ८ लागू नाही". बी विंगच्या मुलाचं प्लास्टर निघालंय, डॉक्टरांनी अजून खेळायची परवानगी दिलेली नाही, तर तो बाकावर बसून हिला "गुडघे वाक, गुडघे वाक" ओरडत असतो.

मागच्या रविवारी पहिल्यांदा जोरात पडली. सेक्रेटरीकाका दूधाची पिशवी घेऊन मधूनच आले, ती वळायला गेली आणि पुढे. मी धावले तोवर ती गुडघ्यांवर आली होती, एक पाय पुढे घेतला, उठली, आणि मला हातानेच "थांब" केलं. रिस्ट गार्डच्या प्लास्टिकवर हा एवढा लांब पांढरा ओरखडा आहे. तो तिने शाळेत नेऊन दाखवला. ब्रेक अजून जमत नाही, टाचा बाहेर ढकलून थांबते, तेही डावीकडे वळून.

एक प्रश्न राहिला, डावीकडेच वळते, उजवीकडे वळायला सांगितलं की उभीच राहते. हे नॉर्मल आहे का?

आणि ते गुलाबी लाइटवाले नवेकोरे पडून आहेत, ३४ ते ३७ नंबर, कोणाला हवे असतील तर मेसेज करा, कर्वेनगरातून घेऊन जायचे. पैसे नकोत, फक्त मामाला कळवू नका.

चाकोरीबाहेर
एकदम नॉर्मल, सगळ्यांची एक बाजू चांगली असते. रेस डावीकडेच वळत होतात म्हणून काही सर दुसरी बाजू शिकवतच नाहीत, तुम्ही शिकवा. दोन चपला ठेवून त्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला लावा, तिला कळणारही नाही ती उजवीकडे वळतेय ते.

सोनचाफा
३४ आमच्याला होईल, माप २१.५ आलंय. मेसेज केलाय. लाइट खरंच लागतात ना?